विहिरीवरचं ताट

हल्ली मला कुठल्याही व्यासपीठावर बसवलं की ओळख करून देणारा एक वाक्य हमखास म्हणतो. बाईंनी मानसिक आघातावरच्या संशोधनाची सुरुवात मराठवाड्यातल्या खेड्यातून, एका थोर गुरूंच्या हाताखाली केली. टाळ्या पडतात. मी हसून मान हलवते, कारण चहा अजून यायचा असतो. पण त्यातला 'थोर' मी दरवेळी मनातल्या मनात खोडून टाकते. गुरू आता हयात नाहीत आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. ते म्हणणाऱ्यांनी सरांबरोबर एक भादवा काढलेला नाही.

सर पुण्याचे. विलायतेत काही वर्षं राहून, महायुद्धात वाचा गेलेल्या, हात थरथरणाऱ्या सैनिकांवर तिथल्या डॉक्टरांनी केलेलं काम पाहून ते परत आले होते. इथे आल्यावर त्यांची अडचण अशी झाली की विषयाला माणसं मिळेनात. पुण्यात कुणावर आघात झालेला नव्हता, निदान सरांच्या ओळखीत तरी नाही. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की निजामाच्या मुलखात रझाकारांनी घरं जाळली होती, मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, आणि तिच्या नंतरही बरंच काही झालं. पहिल्याच भेटीत सर मला म्हणाले, "तुमच्याकडे मटेरियल भरपूर आहे." बाजारात भाजी स्वस्त झाल्यावर बायका एकमेकींना सांगतात, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मला निवडलं ते माझ्या बुद्धीसाठी नव्हे. जालन्याच्या मारवाड्याची पोर, हैदराबादला शिकलेली, उर्दू लिहिता-वाचता येणारी, बाजारातली मराठी बोलणारी, आणि लग्न लांबलेली, म्हणजे हिंडायला मोकळी. खेड्यातल्या बायका परक्या पुरुषाशी बोलणार नाहीत, म्हणून सरांना एक बाई हवी होती. आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून वडिलांनी सरांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. सर गेल्यावर ते मला म्हणाले, म्हणजे लोकांना रडवायचं आणि ते लिहून घ्यायचं, होय ना? मग यात लोकांना काय मिळतं? मी तेव्हा चिडले होते. अडाणी दुकानदाराला शास्त्र काय कळणार, असं मला वाटलं. पुढे अनेक परिषदांना गेले, मोठमोठे लोक ऐकले, पण इतका सरळ प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आम्ही परतूरजवळच्या आष्टीच्या पलीकडे एका गावात मुक्कामाला गेलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे माणसं अजून राहतात आणि ती शेजारच्या गावांपेक्षा वाईट नाहीत. मला त्यांची चीड येते ती त्यामुळेच जास्त येते. सरांची सोय पाटलाच्या माडीवर झाली, माझी पाटलीणबाईंच्या माजघराशेजारी. गावाने मला मास्तरीण ठरवून टाकलं. मन तपासायला आलेली बाई हा प्रकार त्यांच्या हिशेबात बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हता.

सरांची पद्धत त्यांच्या मते निर्दोष होती. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शब्दांत प्रत्येकाला विचारायचे. उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. मधे 'हं' सुद्धा म्हणायचं नाही. शाळेच्या खोलीत सर हातात घड्याळ घेऊन बसत आणि उत्तराला किती वेळ लागला ते मोजत. समोर बसलेला शेतकरी आपलं जळालेलं घर सांगत असे आणि सर काट्याकडे बघत असत. एकदा एक म्हातारी बोलता बोलता थांबली आणि तिने मला विचारलं की साहेबांना गाडी गाठायची आहे का. मी तिला हो म्हणाले.

रझाकारांनी गाव जाळलं तो दिवस विचारला की प्रत्येकजण वेगळं सांगायचा. कुणी बैल सोडून पळाला होता आणि त्याला अजून त्या बैलाचीच आठवण येत होती. कुणी पोराच्या तोंडावर हात दाबून ज्वारीच्या उभ्या पिकात बसलं होतं. एक बाई सगळं टाकून फक्त लोणच्याची बरणी घेऊन निघाली होती, आणि ते सांगताना ती स्वतःच हसत सुटली, मग रडायला लागली. उत्तरं विस्कटलेली होती, एकमेकांशी जुळत नव्हती, कुणाच्या सांगण्यात ती सकाळ होती तर कुणाच्या दुपार. माणसं घाबरलेली असली की असंच सांगतात. हे मला तेव्हाही कळत होतं, त्यासाठी विलायतेला जावं लागत नाही.

पण त्याच्या पुढचा प्रश्न होता, पोलीस अ‍ॅक्शननंतर गावातल्या मुसलमानांचं काय झालं. तिथे आलं की सगळं गाव एका आवाजात बोलायला लागायचं. पाटील, त्याचा गडी, लोहार, लोणच्याची बरणीवाली, सगळे तेच. "सांजच्याला पाऊस पडून राह्यला होता. ते रातीच सामान बांधून निघून गेले. कुणाला सांगून गेले न्हाईत. मंग मागून कळलं, पाकिस्तानात गेल्ते." पाऊस आधी, सामान मग, पाकिस्तान शेवटी. घड्याळ बघायचीही गरज नव्हती, सगळ्यांना सारखाच वेळ लागत होता.

सरांचा आनंद गगनात मावेना. इतक्या वेगवेगळ्या माणसांच्या मनात एकच आठवण, तेच शब्द घेऊन बसली आहे, म्हणजे हा आघात पहिल्यापेक्षाही खोल आहे, असं त्यांनी ठरवलं. आपले मुसलमान शेजारी सोडून गेले याचं दुःख गावाला इतकं झालं की स्मृती जागच्या जागी गोठली. 'गोठलेली स्मृती' हा शब्द त्यांनी तिथेच, पाटलाच्या माडीवर, पाटलाच्याच म्हशीचं दूध पिता पिता तयार केला. मला तो दोनदा म्हणून दाखवला.

मला मात्र घरची आठवण झाली. आमच्या दुकानात तपासणीला सरकारी माणूस येणार असला की आदल्या दिवशी वडील मुनिमाला, नोकरांना आणि माझ्या भावांना गादीभोवती बसवायचे आणि काय बोलायचं ते पाठ करून घ्यायचे. जो अडखळेल त्याला पुन्हा म्हणायला लावायचे. पाठ केलेलं बोलणं कसं ऐकू येतं ते मी लहानपणापासून ओळखते. त्यात कुणाची बरणी नसते आणि कुणाचा बैल नसतो. मी सरांना स्पष्ट सांगितलं की ही आठवण नाही, ही पढवलेली जबानी आहे, कधीतरी चौकशी आली असेल तेव्हा गावाने बसून ठरवलेली. सर हसले. म्हणाले, तुम्ही दुकानदाराची मुलगी, तुम्हाला सगळीकडे लबाडीच दिसणार. सरांना लबाडी कुठेच दिसत नव्हती, कारण तिने त्यांना रोज सकाळी दूध पाठवलं होतं.

एकटी पिंजारीण तेवढी वेगळं बोलायची. गावात पूर्वी मुसलमानांची काही घरं होती, आता हे एकच उरलं होतं. नवरा कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा. तो पोलीस अ‍ॅक्शननंतर नाहीसा झाला तेव्हा ही परतूरला माहेरी होती. परत आली तर घर जागच्या जागी, भांडी जागच्या जागी, आणि भिंतीवर त्याची पिंजायची धनुकली खुंटीला तशीच. नवरा पाकिस्तानात गेला म्हणून गावाने तिला सांगितलं. ज्या धनुकलीवर त्याचं सगळं पोट चालायचं ती इथे ठेवून तो पाकिस्तानात काय हात हलवत गेला, असं तिने विचारलं. मग तीच ती धनुकली घेऊन लोकांच्या रजया भरायला लागली आणि हातात हिरव्या बांगड्या घालून बसली, कारण गावाच्या म्हणण्याप्रमाणे ती सवाष्ण होती.

तिला काय हवं होतं ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिचा एक मावसभाऊ जालन्याला सरकी काढायच्या कारखान्यात कामाला होता, बायको वारलेला, चांगला माणूस. तो तिच्याशी निकाह करायला तयार होता. पण परतूरचे काझीसाहेब म्हणत होते, तुझं सगळं गाव सांगतं की नवरा जिवंत आहे, मग मी निकाह कसा लावू? तो मेला असं सांगणारं गावातलं एक माणूस आण. ती दारोदार हिंडली. कुणी पाणी दिलं, कुणी भाकर दिली, कुणी दोन रजयांचं काम दिलं. ते एक वाक्य कुणी दिलं नाही. मावसभाऊ या सालापर्यंत थांबणार होता, पुढे नाही, आणि त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

सर तिला ठरलेले प्रश्न रोज विचारायचे आणि ती रोज नवं उत्तर द्यायची. एक दिवस म्हणे नवऱ्याला जाळलं, एक दिवस म्हणे पुरलं, एक दिवस नदीत. बिचारीला माहीतच नव्हतं तर ती काय सांगणार? जे नाही ते रोज मनाशी रचून बघत होती. सरांनी निदान केलं की सगळ्या गावात आघाताने मन बिघडलेली हीच एक व्यक्ती आहे. साऱ्या गावाचं एकमत आणि हिचं एकटीचं भलतंच, म्हणजे दोष हिच्यात. नवऱ्याने टाकल्याचं दुःख सोसत नाही म्हणून तिने त्याला मनात मारून टाकलं आहे. इतकं सुंदर निदान झाल्यावर उपचार आलाच. रोज सकाळी तिने सरांसमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि 'माझा नवरा जिवंत आहे' असं पुन्हा पुन्हा म्हणायचं. ते मी तिच्या भाषेत तिला समजावायचं.

मी ते तिला समजावलं नाही. सरांचं हिंदी रेडिओवरचं, तिची दखनी त्यांना कळत नव्हती. मी तिला सांगितलं की भाभी, या माणसासमोर डोळे मिटून हळू आवाजात काहीही बोल. मग ती डोळे मिटून बोलायची. कापूस यंदा कसा ओला येतोय, पाटलीण रजईत किती कापूस कोंबायला लावते, आष्टीच्या बाजारात कोण कसं फसवतं. एकदा तिने अत्यंत शांत आवाजात विचारलं, "बाई, इस आदमी कू घर में कोई पूछता नै क्या?" सरांनी मान डोलावली आणि आवाजातला कंप कमी झाल्याची नोंद केली. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ उपचार पाहिले. रुग्णाला हसू आवरावं लागलं असा तेवढाच.

पितृपंधरवडा सुरू होता. घरोघर पानं वाढली जात होती, कावळ्यांची चंगळ होती. सरांनी या सगळ्यावर केव्हाच पाणी सोडलं होतं. आपण वडिलांचंही श्राद्ध करत नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. न का करेनात. पण ज्या लोकांची मनं तपासायला आलो ते कुठल्या दिवशी काय करतात, एवढं तरी माणसाने बघावं की नाही? सरांच्या लेखी हे सगळं 'ग्रामीण अंधश्रद्धा' या एका ओळीत संपलं होतं, आणि ती ओळ त्यांनी यायच्या आधीच लिहून आणली असावी.

अमावस्येच्या आदल्या दिवशी, म्हणजे चतुर्दशीला, मी पाटलीणबाईंना सकाळीच ताट वाढताना पाहिलं. त्यांच्या घरातली पानं नवमीलाच होऊन गेली होती. शिवाय या ताटात खीर नव्हती, वडे नव्हते. गूळ-तूप घालून कुस्करलेल्या पोळीचा मलिदा होता, दर्ग्यात नेतात तसा. वर छोट्या वाटीत विस्तव आणि लोबान. ताट पदराखाली झाकून त्या मागल्या दाराने निघाल्या. बाहेर लोहाराची बायको, बरणीवाली, आणखी काही जणी उभ्या होत्या. सगळ्या मळ्याकडच्या जुन्या विहिरीच्या वाटेला लागल्या. त्या विहिरीचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं. मी कारण विचारलं होतं तेव्हा खारं आहे असं उत्तर मिळालं होतं.

आमच्या घरी श्राद्ध कडक पाळतात. माझा एक काका यंत्रात सापडून गेला. त्याचं श्राद्ध तिथीला होत नाही, चतुर्दशीला होतं. शस्त्राने गेलेल्यांचा, घात होऊन गेलेल्यांचा तो दिवस. आपल्या मरणाने मेलेल्या कुणाचंही पान त्या दिवशी वाढत नाहीत, आणि जिवंत माणसाचं तर कुठल्याच दिवशी वाढत नाहीत. पंचांग हिंदूंचं, पक्वान्न मुसलमानाचं, आणि जागा पडकी विहीर. मला आणखी काही विचारायची गरज राहिली नाही. तरी मी पाटलीणबाईंच्या मागून चालत जाऊन विचारलं. त्या मागे न बघता म्हणाल्या, "पीराचं असतंय." त्या विहिरीच्या आसपास पीर तर सोडाच, शेंदूर लावलेला दगडसुद्धा नव्हता.

पुढे एका म्हातारीकडून मला बाकीचं कळलं. त्या सालानंतर पाटलीणबाईंची दोन बाळंतपणं झाली आणि एकही मूल राहिलं नाही. कुणा भगताने सांगितलं की विहिरीतल्याचं लागलंय, त्याला दरसाल जेवू घाला. रझाकारांनी गाव जाळलं त्याचा सूड ज्यांच्यावर घ्यायचा ते केव्हाच पळाले होते, गावातली बाकीची मुसलमान घरंही उठून गेली होती. हाताशी सापडला तो पिंजारी, ज्याने साऱ्या गावाच्या रजया भरल्या होत्या. पुरुषांनी त्याला विहिरीत घातलं आणि जबानी पाठ केली. बायकांनी ताट वाढायला घेतलं. त्याच्या बायकोला मात्र दरसाल चतुर्दशीला पाटलीणबाई मुद्दाम रजया देऊन आष्टीच्या बाजाराला पाठवायच्या. शूर गाव. मेलेल्याला भ्यायचं आणि जितीला फसवायचं.

त्या साली ती आष्टीला गेली नव्हती. सरांनी हुकूम काढला होता की उपचारात खंड पडता कामा नये, पेशंटने गाव सोडायचं नाही. सरांच्या एकूण संशोधनाचा जगाला झालेला उपयोग म्हणून मी हा एकच दाखवू शकते.

मी तिच्या घरी गेले आणि सांगितलं. लांबण लावली नाही, मनाची तयारी वगैरे केली नाही. भाभी, गाव त्याला विहिरीवर मलिदा ठेवतं, आजच्या दिवशी, आणि आजचा दिवस कुणाचा असतो ते असं असं. तिने हातातला कापूस खाली ठेवला. रडली नाही. ओढणी नीट घेतली आणि चालायला लागली. रस्त्यात सर शाळेकडे निघालेले भेटले. आपली पेशंट कुठे चालली म्हणून तेही मागे आले.

विहिरीवर बायका अजून होत्या. ताट काठावर होतं, लोबानचा धूर निघत होता. हिला बघून सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ती काठाशी बसली. ताटाकडे बघितलं, आत वाकून पाण्याकडे बघितलं. मग तिने दोन्ही हात काठाच्या दगडावर आपटले. एकदा, पुन्हा एकदा. हिरवी काच सगळीकडे उडाली.

एरवी खेड्यात सवाष्णीची बांगडी चुकून पिचली तरी बायका चटकन देवाचं नाव घेतात. कुणी हौसेने बांगड्या फोडायला लागली असती तर चारजणींनी तिचे हात धरले असते. तिथे एकही बाई जागची हलली नाही. नवरा जिवंत आहे असं इतकी वर्षं तिच्या तोंडावर सांगणाऱ्या त्या सगळ्या, आणि एकीच्याही तोंडून 'अगं, काय करतीस' निघालं नाही. मनगटातून रक्त येत होतं. एक बांगडी राहिली होती, ती फुटेना. तेव्हा पाटलीणबाई पुढे झाल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "फोड बाई. लई उशीर केला आम्ही." आणि स्वतःच्या हाताने ती शेवटची बांगडी त्यांनी दगडावर दाबून फोडली.

सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं होतं.

दुपारी पाटील माडीवर आला. तो सरांशी काय बोलला ते मी खालून ऐकलं. आवाज चढवायची त्याला गरजच पडली नाही. गावातलं वातावरण बिघडून राह्यलंय, तुमची बाई नको तिथं तोंड घालती, उद्या काही कमी-जास्त झालं तर आमच्यावर न्हाई, एवढंच तो म्हणाला. आणि सरांनी त्याची माफी मागितली. विलायतेत शिकलेला माणूस, आघाताच्या शास्त्राचा आपल्याकडचा पहिला पंडित, त्याने एका खुन्याची माफी मागितली आणि दुधाबद्दल आभारही मानले. संध्याकाळच्या आत सामान बांधून सर आष्टीकडे निघाले. जाताना मला म्हणाले की तुम्ही पेशंटच्या भ्रमाला खतपाणी घातलंत, तुमच्यात संशोधकाचा तटस्थपणा नाही. मी त्यांना म्हणाले, खरं आहे, आणि परमेश्वराने तो मला कधी देऊ नये.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परतूरला काझीसाहेबांकडे गेले. म्हातारे गृहस्थ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मनगटांना फडकी गुंडाळलेली बघून त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि आपला जुनाच प्रश्न विचारला. तो मेला असं गावातलं कोण म्हणतं? ती म्हणाली, "कोई नै बोलता साब. मगर गाँव उसकू हर साल खाना परोसता. जिंदा रहता तो मेरे घर में आके नै खाता क्या?"

काझीसाहेबांनी मला उर्दूत तो दिवस कुठला, त्या दिवशी कुणाचं पान वाढतात, ताटात काय होतं, हे सगळं खोदून विचारलं. बायकांपैकी कुणी तिला अडवलं का, हेही विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि तिला सांगितलं की आजपासून विधवेची इद्दत पाळ, चार महिने दहा दिवस, ती मुदत झाल्यावर मी स्वतः निकाह लावतो. माझी खात्री आहे की त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. परतूर काही विलायतेत नाही. एका बाईने मनगटं फोडून घेईपर्यंत शहाण्या माणसांचा शहाणपणा असा थांबून राहिला होता. पण निकाह त्यांनी लावला, शब्द पाळला, एवढं त्यांच्या नावावर लिहायला हवं.

त्यानंतर मी पुन्हा शिकायला गेले, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांकडे. आघात या विषयात पडले ती कायमची. लोकांना वाटतं मी सरांमुळे पडले. एका अर्थी ते बरोबर आहे. घाणीत पाय पडला की माणूस पाय धुवायला पाणी शोधतोच.

तीनेक वर्षांनी मला टपालाने सरांचा छापून आलेला निबंध मिळाला. इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. सोबत चार ओळी होत्या. तुम्ही जालन्यात असाल तर त्या पेशंटची सध्याची मानसिक स्थिती कळवा, पुढच्या आवृत्तीत तळटीप देता येईल. विहिरीवर जे झालं ते त्यात होतं, 'उन्मादाचा झटका' या मथळ्याखाली. झटका किती वेळ टिकला तेही होतं. ताट नव्हतं. पाटलीणबाई नव्हत्या. पाटलाचे मात्र सहकार्याबद्दल आभार होते.

ती आता जालन्यात, कारखान्याच्या मागच्या वस्तीत राहत होती. मी गेले तेव्हा दारात बसून पोराला तेल लावत होती. वर्षाचं, गुटगुटीत, डोकं उन्हात चमकत होतं. मला बघून तिला इतका आनंद झाला की तेलाच्या हातानेच तिने माझा हात धरला. चहा झाला. मग पिशवीतला निबंध तिला दिसला. मेरे बारे में क्या लिख्या, वाचून दाखव म्हणाली. मी टाळायला बघितलं. ती ऐकेना.

मी तिला जसंच्या तसं वाचून, तिच्या भाषेत सांगितलं. पेशंट, पिंजाऱ्याची बायको, वय अंदाजे तीस. पती हयात, पाकिस्तानात स्थायिक. पती मरण पावल्याचा पक्का भ्रम. पती हयात असतानाच नंतर दुसरा विवाह केल्याचं समजतं.

तिचा हात पोराच्या डोक्यावर होता तिथेच थांबला. मला वाटलं ती चिडेल, सरांना शिव्या देईल, मी त्यात सामील व्हायला तयारच होते. पण ती घाबरली होती. इतका घाबरलेला चेहरा मी तिचा विहिरीवरही पाहिला नव्हता. तिने पोराला उचलून पोटाशी घेतलं, आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, छाप्या है ना ये? ये किताब काजी साब पढते क्या?"

मी म्हणाले, "नै भाभी. काजी साब नै पढते. ये कोईच नै पढता."

तिचा विश्वास बसेना. इतका गुळगुळीत कागद, इतकी छपाई, आणि कुणीच वाचत नाही, हे कसं? तिने मला पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली.